शिक्का मिळणार नाही

महाविद्यालयातील सर्व प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांना: तीन वेळा विनंती करून झाली. हा इशारा आहे.

यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आता कुठंही छापा! तसं नाही. नियतकालिकं पारखायचं काम संस्थांवर आलं आणि आपल्याकडे ते ग्रंथालयाच्या टेबलावर आहे. ग्रंथपाल म्हणजे देवघेव काउंटर आणि दंडाच्या पावत्या, असं ज्यांना अजून वाटतं, त्यांचा समज बढतीची (कॅस) फाईल अडली की दूर होईल.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याचा शोधनिबंध ग्रंथालयाच्या तपासणी-शिक्क्यासाठी आला. सोमवारी पाठवलेला, बुधवारी स्वीकारलेला. परीक्षकाचा अभिप्राय दीड ओळीचा. फी क्यूआर कोडवर भरलेली, पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकला. क्रमांक खरा, नाव खरं, पण नियतकालिकाची खरी वेबसाईट वेगळीच. निबंध स्वीकारणारी साईट ही तिची हुबेहूब नक्कल. विचारलं तर उत्तर आलं, "ओपन ॲक्सेस आहे, पैसे लागणारच."

लागणारच, हे कुणी सांगितलं? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००३ मध्ये सुरू केलेल्या डीओएजे या ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या सूचीतली बहुसंख्य नियतकालिकं लेखकाकडून छदामही घेत नाहीत. सूची फुकट बघता येते. माझ्या टेबलापर्यंत चालत आलात तर मी दाखवतो, चहासुद्धा पाजतो. लुटारू प्रकाशकांची यादी करणारा जेफ्री बील हाही अमेरिकेतला ग्रंथपालच होता. त्याची यादी २०१७ मध्ये उतरवली गेली. आयत्या यादीवर बोट ठेवून मोकळं व्हायचे दिवस संपले.

म्हणून ३० एप्रिल, संध्याकाळी पाच. यंदा छापलेल्या किंवा छापायला दिलेल्या प्रत्येक निबंधाचा तपासणी फॉर्म ग्रंथालयात पोचला पाहिजे. प्रकाशकाची परवानगी असेल तिथे स्वीकृत मसुदाही द्यायचा, तो आपल्या रिपॉझिटरीत सर्वांसाठी खुला होईल. त्यानंतर फॉर्मशिवाय आलेल्या फाईलवर शिक्का नाही, प्रकाशन-फीच्या बिलावर शिफारस नाही, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाचं नो ड्यूज नाही. प्राचार्यांच्या केबिनकडे फेऱ्या मारू नका, या कागदावर त्यांची सही आहे.

वर सांगितलेली फाईल माझ्या कपाटात आहे. निबंध मागे घेतल्याचं पत्र आणा आणि घेऊन जा.

— ग्रंथपाल