ढाब्यावरचे ताट आणि आपण

गेल्या कार्तिकात अंबाजोगाईची बैठक आटोपून आम्ही सहा जण बीडकडे परतत होतो. बैठकीचा विषय असंघटित कामगार हा होता आणि किमान वेतनाच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी तालुकावार समित्या नेमाव्यात, असा ठराव एकमताने संमत झाला होता. केज मागे पडले, नेकनूर मागे पडले आणि मांजरसुंब्याच्या अलीकडे एका ढाब्यापुढे आमची गाडी थांबली. रात्रीचे अकरा वाजत आले होते. शेवभाजी, पिठले, बाजरीची भाकरी आणि ठेचा, असे साधे परंतु रुचकर जेवण झाले. मध्येच पाणी संपले. आमच्यापैकी एकाने सवयीने हाक मारली, "ए पोऱ्या!"

पोऱ्या आला. वय विचारले, तर सोळा म्हणाला. गाव धारूर तालुक्यातले. आईवडील उसाच्या तोडीला कर्नाटकात गेलेले. सकाळी नऊला कामाला लागायचे, शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत राबायचे आणि तिथेच बाजेवर अंग टाकायचे, असा त्याचा दिनक्रम. पगाराचे विचारले तेव्हा तो गल्ल्याकडे पाहत म्हणाला, "पगार दादांकडं जातो. मला दोन्ही टाइम जेवण हाय." आम्ही हळहळलो, त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि गाडीत बसलो.

घरी आल्यावर मला झोप लागली नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास काही अपवाद वगळता बंदी केली आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांच्या कामावर मर्यादा घातल्या. त्यांच्याकडून दिवसाला सहा तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि सायंकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत तर मुळीच घेता येत नाही. म्हणजे रात्री अकरा वाजता त्या मुलाने आमच्यापुढे ठेवलेला तांब्या हाच कायद्याचा भंग होता. तो भंग मालकाने केला हे खरे. परंतु ज्यांच्यासाठी केला, ते गिऱ्हाईक आम्ही होतो. असंघटित कामगारांचा ठराव खिशात घेऊन जेवायला बसलेले गिऱ्हाईक!

यावर कोणी म्हणेल, की समाजवादी कार्यकर्त्याने ढाब्यावर जावेच कशाला? घरची भाकरी बांधून न्यावी. मला हा उपाय मान्य नाही. बाहेर जेवणे ही चैन आहे आणि चैन म्हणजे पाप, हा विचार गांधीवादातून आपल्यात आला असेल. परंतु तो समतेचा विचार नव्हे. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला वर्षातून चार वेळा का होईना, दुसऱ्याने वाढलेले ताट पुढ्यात यावे, पोरांनी हवे ते मागावे, उष्टी भांडी आपल्याला घासावी लागू नयेत, असे वाटले तर त्यात गैर काय आहे? उलट हे सुख मूठभरांपुरते का राहिले, हाच आपला प्रश्न असायला हवा.

या सुखाचा इतिहास आपण विसरता कामा नये. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, आमच्या गावच्या एस.टी. थांब्यावर एक 'हॉटेल' होते. पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, एक स्टोव्ह. बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेल्या चार कपबश्या पालथ्या घातलेल्या असत. दलित वस्तीतील माणसाने त्यातली एक उचलायची, स्वतः विसळायची, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा आणि कप पुन्हा विसळून जागेवर ठेवायचा. पैसे मात्र सर्वांना सारखेच पडत. सार्वजनिक उपाहारगृहात जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने १९५० सालीच सांगितले होते. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता. तरीही कोनाडा जागच्या जागी होता. बाबा आढावांनी १९७२ साली 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम सुरू केली, तेव्हा पाणवठ्याबरोबर गावोगावचे हे कोनाडेही चर्चेत आले. कायदा कागदावरून गावात यायला कार्यकर्त्यांचे पाय लागले, हे त्या काळाचे सार आहे.

आज महामार्गावरच्या ढाब्यात तो कोनाडा दिसत नाही. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आपल्या जिल्ह्यातून चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना खाटा टाकलेल्या ढाब्यांपासून वातानुकूलित 'फॅमिली रेस्टॉरंट'पर्यंत सर्व प्रकारची भोजनालये उभी राहिली आहेत. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. उत्पन्न वाढले की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. देशाच्या ग्रामीण भागात १९९९-२००० साली हा वाटा सुमारे ५९ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. परंतु त्याच अन्नखर्चात पेये, फराळाचे पदार्थ आणि तयार अन्न यांचा भाग मात्र एकूण खर्चाच्या सुमारे ४ टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे खेड्यातला माणूसही धान्यावर तुलनेने कमी आणि दुसऱ्याने शिजवलेल्या घासावर अधिक खर्च करू लागला आहे. जेथे घास विकला जातो, तेथे श्रम विकले जातात. ही साधी गोष्ट आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर अद्याप आलेली नाही.

कोनाडा गेला, परंतु रेघ गेली नाही. ती सरकली आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर याच रस्त्याने निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, त्यांची भांडीकुंडी, शेळ्या, पोरे. ढाब्याच्या नळावर ती पाणी भरून घेतात आणि पलीकडच्या लिंबाखाली फडक्यातली भाकरी सोडतात. त्यांना आत येण्यास कोणी मनाई करीत नाही. दरफलकच ते काम करतो. आणि ज्यांची मुले मागे राहतात, त्यांतलीच काही आत ताटे उचलत असतात. आई लिंबाखाली, मुलगा भटारखान्यात आणि मधल्या खुर्चीवर आपण, असे हे आजचे चित्र आहे.

मालकाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्याकडचा ढाबेवाला बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा असतो. रस्त्यालगतचा तुकडा, थोडे कर्ज आणि घरच्या माणसांचे श्रम यांवर त्याने धंदा मांडलेला असतो. शेजारच्याने ताट दहा रुपयांनी स्वस्त केले, की यालाही करावे लागते आणि ते दहा रुपये शेवटी वाढप्याच्या मजुरीतून निघतात. हिशेब सोपा आहे. समजा, एका ढाब्यावर रोज शंभर ताटे जातात. ताटामागे दहा रुपये अधिक घेतले, तर महिन्याला तीस हजार होतात. एवढ्यात दुसऱ्या पाळीसाठी दोन प्रौढ माणसांच्या मजुरीला बराच हातभार लागेल. परंतु एकट्याने दर वाढवला तर तो बुडतो. सर्वांनी मिळून वाढवला तर कोणी बुडत नाही. म्हणूनच असे नियम कायद्याने सर्वांना सारखे लागू करावे लागतात.

आणि नेमका तेथेच कायदा मागे सरतो आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ सालचा कायदा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आला. ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. आपल्या जिल्ह्यातल्या किती ढाब्यांत वीस माणसे असतील? दुसरीकडे नव्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना दिला आहे. एका हाताने हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने हजेरीपट काढून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. ज्याचे नाव कोठल्याच वहीत नाही, त्याने वेतन मागायचे कशाच्या आधारावर?

दुसरा मार्ग सहकाराचा. या शब्दाला आपल्या जिल्ह्यात लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पण सगळा सहकार साखर कारखान्यासारखा नसतो. पुण्यात हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' चालवून कष्टकऱ्याला स्वस्त आणि सन्मानाचे जेवण दिले. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. १९५७ साली कॉफी बोर्डाची कॉफीगृहे बंद पडू लागली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. इंग्लंडच्या खेड्यांतही असे घडले आहे. तेथे पब म्हणजे केवळ दारूचा गुत्ता नव्हे. गावाने एकत्र बसण्याची, जेवण्याची, बोलण्याची ती जागा असते. हे पब धडाधड बंद पडू लागले. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या लहानशा गावाने २००३ साली आपला 'ओल्ड क्राऊन' हा पब सहकारी संस्था स्थापून विकत घेतला. त्या गावाला जे जमले, ते आपल्या बचत गटांना का जमू नये? तोडीवर न जाता गावातच राहू इच्छिणाऱ्या दहा बायका महामार्गालगत एक भोजनालय चालवू शकतात. जागा ग्रामपंचायतीने द्यावी, भांडवल जिल्हा परिषदेने उभे करून द्यावे आणि गिऱ्हाईक व्हायला आपण आहोतच.

तोवर काय करायचे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, तालुका समित्यांनी ढाब्यांवरील कामगारांची नोंद स्वतः करावी. नाव, वय, कामाचे तास, मजुरी आणि ती कोणाच्या हातात पडते, एवढी पाच खाती पुरेत. दुसरी, अल्पवयीन मुलगा आढळला तर नुसती तक्रार करून मोकळे होऊ नये. त्याच्या शाळेची आणि हंगामी वसतिगृहाची सोय होईपर्यंत पाठपुरावा करावा, नाहीतर तो या ढाब्यावरून त्या ढाब्यावर जाईल. तिसरी सूचना सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत अवघड. आपल्यापैकी कोणीही यापुढे 'ए पोऱ्या' म्हणू नये. नाव विचारावे आणि नावाने हाक मारावी.

त्या रात्री मी वय विचारले, गाव विचारले, पगारही विचारला. नाव विचारायचे राहून गेले. दोन आठवड्यांनी मुद्दाम पुन्हा गेलो, तेव्हा तो तेथे नव्हता. "गेला कुठं तरी," एवढेच उत्तर गल्ल्यावरून मिळाले. तो ज्या कोठल्या ढाब्यावर आता ताटे उचलत असेल, तेथे आपल्यापैकी कोणी ना कोणी जेवायला बसणारच आहे.