मागच्या सीटवरून काही प्रश्न

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि आज जरा भांडायचंच आहे.

दिवाळीत नातू आणि नातसून आले होते. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. पुण्याहून गोवा, तिथून हंपी असं दोघांनी मोटारसायकलवरून फिरायचं ठरवलंय आणि त्यासाठी 'स्पोर्ट टूरिंग' प्रकारातली गाडी घ्यायची आहे. नातवाने एक कोष्टकच करून आणलं होतं. सहा गाड्या, 22 रकाने. अश्वशक्ती, टॉर्क, शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदात, वगैरे वगैरे. मी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे लिहिलेल्यापेक्षा राहून गेलेलं मला आधी दिसतं. 22 रकान्यांत मागे बसणाऱ्या माणसासाठी एकही रकाना नव्हता!

"आजी, तुला गाडीतलं काय कळतं?" असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं.

तर काय कळतं ते सांगते. मी जन्मात मोटारसायकल चालवलेली नाही. पण 1979 ते 1996 अशी सतरा वर्षं आमच्या ह्यांच्या येझदीवर मागे बसले. सांगलीहून रत्नागिरी म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट, मांडीवर पिशवी आणि पुढे टाकीवर पोरगा. हे पुढचा रस्ता बघायचे. गाडी कशी आहे ते मात्र माझ्या कमरेला कळायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. मागच्या माणसाला दिवसाला तीनशे किलोमीटर नीट नेता येत नसेल, तर ती गाडी दोघांच्या प्रवासाची नव्हे. तिला शर्यतीची म्हणा, मिरवायची म्हणा, पण 'टूरिंग' हा शब्द तिच्यावर चिकटवू नका.

नातवानेच सांगितलं की बीएमडब्ल्यूने 1976 साली आर 100 आरएस काढली, तेव्हा तिचं वारा अडवणारं पुढचं आवरण बोगद्यात वारा सोडून, चाचण्या घेऊन बनवलं होतं. म्हणजे दिवसभर गाडी चालवणाऱ्याचं अंग थकू नये हा विचार या प्रकारात पहिल्यापासून होता. आता बघावं तर नाव तेच, आणि मागची सीट शेपूट उचललेल्या विंचवासारखी! वीतभर रुंद आणि पुढच्यापेक्षा हातभर उंच. त्याचा परिणाम साधा आहे. मागच्याचं वजन वर आणि मागे जातं, पुढचं चाक हलकं पडतं. ब्रेक लागला की मागचा माणूस घसरत पुढच्याच्या पाठीवर येतो आणि दोघांचा भार चालवणाऱ्याच्या मनगटांवर पडतो. म्हणजे त्या सीटचा त्रास फक्त बाईला होतो असं नाही, बाबांनो.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहितेय. एका शोरूममधल्या मुलाने नातवाला सांगितलं, "सर, साडीगार्ड नंतर काढून टाका, लुक येतो." नातू हसत हसत मला हे सांगत होता. मी हसले नाही. 1983 च्या डिसेंबरात आमच्या गाडीचं मागचं चाक काढून दुरुस्त केलं होतं आणि गॅरेजवाला साडीगार्ड परत बसवायला विसरला. हे म्हणाले, "आल्यावर बघू." साखरप्याच्या जरा पुढे माझा पदर चाकात गेला. वेग फार नव्हता आणि मागून ट्रक येत नव्हता, म्हणून आज ब्लॉग लिहितेय. डावा हात कोपरातून अजून सरळ होत नाही. वर्गात फळ्यावर नकाशा काढताना मुलं विचारायची, "बाई, हात असा का?"

तुम्ही म्हणाल, आताच्या मुली जीन्स घालतात. घालतात ना! पण ओढणी आहे, रेनकोट आहे, सॅकचे लोंबणारे पट्टे आहेत. चाक कापड बघून ओढत नाही. आणि ही म्हातारीची भीती नव्हे, कायदा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम म्हणतो की मागच्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं तरी झाकलेलं हवं. आमच्या येझदीची तर चेनसुद्धा पूर्ण बंद पेटीत असायची. आता लाखो रुपये मोजून चेन उघडी!

जुनं तेवढं सोनं, असं मात्र मी म्हणत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, हे फार चांगलं झालं. ट्यूबलेस टायर तर वरदानच. घाटात ट्रकला ओलांडायला ताकद लागते, हेही नातवाचं म्हणणं मला मान्य आहे. आणि मनात आणलं तर कंपन्यांना जमतं. बजाजने 2021 साली डॉमिनार 400 ला उंच काच, सामानाचा कॅरिअर, मागच्याला पाठ टेकायला आधार आणि मोबाइल चार्जिंगची सोय कारखान्यातूनच लावून दिली. त्यासाठी अश्वशक्ती कमी करावी लागली नाही. मग बाकीच्यांनी का करू नये? तर आपण विचारत नाही म्हणून.

म्हणून मी नातवाच्या कोष्टकाला हाताने रकाने जोडून दिले. मागच्या सीटची रुंदी किती? मूठ हाताला येते का? साडीगार्ड आहे का? दोघं आणि सामान मिळून किती किलो चालतं, हे माहितीपुस्तकात बघितलंस का? मागे माणूस बसल्यावर स्प्रिंग घट्ट करायची सोय आहे का, आणि त्याचा पाना गाडीबरोबर मिळतो का? बॅग बांधली तर सायलेन्सरला टेकून जळेल का? मधला स्टँड आहे का? (नसेल तर रस्त्यात चेनला तेल द्यायला मागचं चाक फिरवणार कसं?) आणि टाकी. 13 लिटरची टाकी, लिटरला 27 धरले तर साडेतीनशे किलोमीटर. त्यातून घाट आणि दोघांचं वजन वजा करा.

संध्याकाळी नातसून स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आजी, तीन शोरूम झाली, पण मला कुणी बसून बघा असं म्हटलंच नाही." गाडीच्या हप्त्यातला अर्धा तिच्या पगारातून जाणार आहे, बरं का! मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी तू आधी बस. पाच मिनिटं नाही, अर्धा तास. खराब रस्त्यावरून, सॅक पाठीला लावून. उतरल्यावर कंबर काय म्हणते ते ऐक आणि ते त्या कोष्टकात लिही.

नातू जरा रुसून गेलाय. हे वाचेल तेव्हा आणखी रुसेल. चालेल. कोपर वाकडं होण्यापेक्षा नातू रुसलेला परवडला.

असो. तुमच्यापैकी जे दोघं मिळून लांबचा प्रवास करतात त्यांनी जरूर लिहा. पण या वेळी मागे बसणाऱ्यांनी आधी लिहा.