झाडावरच्या माणसाचा वाली कोण?

मे महिना अर्ध्यावर आला की मुंबईच्या उपनगरांतून कोयत्यांचे आणि यांत्रिक करवतींचे आवाज ऐकू येऊ लागतात. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा हा हंगाम. खारदांड्याच्या कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका सोसायटीच्या आवारात हे काम आम्ही दोन तास उभे राहून पाहिले. वर्षावृक्षाच्या खोडाला बांबूची शिडी लावलेली होती. शिडी संपली तेथून पुढे वीस-बावीस वर्षांचा एक तरुण अनवाणी चढत गेला. त्याच्या कमरेला दोर होता, पण तो त्याला धरून ठेवण्यासाठी नव्हता. तोडलेली फांदी खाली सोडताना लागतो म्हणून घेतलेला होता. एका फांदीवर उभे राहून, दुसरीला डाव्या हाताने धरून, उजव्या हाताने तो तिसरीवर घाव घालीत होता. मांडीएवढी जाड फांदी निम्मी कापली गेली आणि स्वतःच्याच भाराने कडाडून खाली आली. येताना तिने खोडाची साल हातभर सोलून नेली. तरुण क्षणभर अधांतरी लोंबकळला आणि मग पुन्हा पाय रोवून कामाला लागला. दुपारपर्यंत त्या विशाल वृक्षाचे चार खुंट उरले होते. खाली उतरल्यावर त्याची चौकशी केली. तो जव्हारकडचा निघाला. मजुरी दिवसावर नव्हे, झाडावर मिळते. विम्याचे विचारले तेव्हा तो हसला. ठेकेदाराचे नाव त्याला पुरते ठाऊक नव्हते.

हा प्रसंग अपवादात्मक असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. गेल्या वृक्षगणनेनुसार मुंबईत तीस लाखांच्या घरात झाडे आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत उभी आहेत. रस्त्याच्या कडेची झाडे दोन लाखांच्या आतच भरतात. म्हणजे या व्यवसायात मालक एक नाही. हजारो गृहनिर्माण संस्था, शाळा, कारखाने आणि महानगरपालिका असे असंख्य मालक आहेत, त्यांच्यामध्ये ठेकेदार आहेत, आणि सर्वांत वर, फांदीच्या टोकाशी, ज्याची कोठेही नोंद नाही असा माणूस आहे.

छाटणी हे अंगमेहनतीचे काम आहे, त्याला डोके लागत नाही, असा एक समज आपल्या मध्यमवर्गात रूढ आहे. वस्तुतः ते शास्त्र आहे. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीचे एक फुगीर कडे असते. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, माणसाची जखम जशी भरते तशी झाडाची भरत नाही. झाड आपल्या जखमेभोवती भिंत उभारते, कुजका भाग कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. ही भिंत उभारण्याची सर्वांत मोठी शक्ती त्या फुगीर कड्यापाशी असते. म्हणून घाव कड्याच्या किंचित बाहेर घालावयाचा. कडे तासून खोडाशी सपाट कापले तर कूज थेट खोडात शिरते, आणि लांब खुंट ठेवला तर तो खुंटच कुजत आत जातो. जड फांदीसाठी तीन छेद घ्यावे लागतात. पहिला छेद खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे साल न सोलता फांदी निखळते. आणि उरलेला खुंट कड्यापाशी कापण्याचा तिसरा. एका वेळी झाडाच्या हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा गेला तर ती मर्यादा समजावी. नारळाचे शास्त्र निराळे. त्याला फांद्या नाहीत, वाढीचा कोंब एकच. तेथे वाळलेल्या झावळ्या आणि नारळ काढावयाचे, हिरव्या झावळ्यांना हात लावावयाचा नाही.

शेंडा आणि मुख्य फांद्या छाटून झाडाचे खुंट केले की ते काही महिन्यांत पुन्हा हिरवे दिसू लागते आणि सोसायटीचे चिटणीस समाधान पावतात. परंतु ते धुमारे भुकेपोटी घाईने फुटलेले असतात. ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात. तीन-चार पावसाळ्यांनी ते जड होतात, त्यांच्या मुळाशी कूज पोचलेली असते, आणि एखाद्या वादळी सायंकाळी ते रिक्षावर किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलावर कोसळतात. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेचा नारळाचे झाड अंगावर पडून मृत्यू झाला, तेव्हा झाड तोडण्याची परवानगी कोणी दिली आणि कोणी नाकारली यावर बराच खल झाला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने शहरात शेकडो झाडे पाडली. तेव्हाही चर्चा वाऱ्याच्या वेगाची झाली. त्या झाडांवर आदल्या वर्षांत कोणी, कसे आणि किती रुपयांत घाव घातले होते, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आणि मर्म त्या रुपयांतच आहे. वर सांगितल्याप्रमाणे काम करावयाचे तर एका मोठ्या झाडाला दोन जाणते माणूस वर आणि दोन खाली असा ताफा जवळजवळ दिवसभर लागतो. मजुरी झाडाच्या संख्येवर आणि ठेका सर्वांत कमी बोलीवर दिला की तेच काम तासा-दोन तासांत उरकणे भाग पडते. मोठ्या फांद्या तोडल्या की झाड लवकर ‘होते’. त्या तरुणाने चुकीचा घाव घातला तो अज्ञानाने घातला असे म्हणणे सोपे आहे. त्याला योग्य घाव शिकवला असता तरी त्या दरात तो घालणे त्याला परवडले नसते. झाडाची दुर्दशा आणि चढणाऱ्याची असुरक्षितता या एकाच दराच्या दोन निष्पत्ती आहेत, हे आपल्या पर्यावरणवादी मित्रांनी अद्याप पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत रात्रीच्या अंधारात दोन हजारांवर झाडे तोडली गेली, तेव्हा आपले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. पण त्याच शहरात दर मे महिन्यात दिवसाढवळ्या झाडांवर माणसे जिवावर उदार होऊन चढतात, त्याकडे आपणही मान वर करून पाहिलेले नाही.

झाडावर चढण्याची विद्या या भूमीला नवी नाही. साष्टीच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर भंडारी समाजाने ती पिढ्यान् पिढ्या जोपासली. पायात दोराचे कडे अडकवून, माडाच्या अंगावर खाचा पाडून, कमरेला कोयती लावून दिवसातून दोन-तीन वेळा ही माणसे शेंड्यापर्यंत जात. गोव्यात माडाची सूर काढणारा तो रेंदेर आणि नारळ पाडणारा तो पाडेली. इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडामाडांवरचा कर वाढवून या धंद्याचे कंबरडे मोडले आणि स्वराज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यातील त्याची उरलीसुरली धुगधुगी संपवली. दारूबंदीच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे करावयाची नाही. चढणाऱ्याला दुसरे काम देण्याची जबाबदारी दोन्ही राजवटींना वाटली नाही, एवढेच नोंदवावयाचे आहे. मात्र त्या जुन्या विद्येचे उगाच गोडवे गाणेही आम्हांस मान्य नाही. ती जातीच्या जन्मठेपेतून आलेली होती. माडावरून पडून कमरेत अधू झालेली माणसे किनाऱ्यावरच्या गावांनी पाहिली आहेत. आणि माडाच्या खोडाला साल धरण्याचा गुण नसल्याने पाडलेली खाच कधीच बुजत नाही.

केरळात नारळ विकास मंडळाने २०११ साली चढणाऱ्यांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. त्यात स्त्रियाही आल्या, आणि प्रशिक्षणाबरोबर विमाही आला. जातीचा धंदा कसबाचा व्यवसाय होऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. फांद्यांच्या झाडांसाठी पद्धत वेगळी पण तितकीच सिद्ध आहे. वजन बांधलेली बारीक दोरी वरच्या भक्कम बेचक्यातून टाकावयाची, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यावयाचा, चढणाऱ्याने मांड्यांना व कमरेला पट्टा बांधावयाचा आणि दोरावर सरकणाऱ्या, भार पडताच आवळून धरणाऱ्या गाठीने वर जावयाचे. करवत चालवताना दुसरा पट्टा खोडाभोवती हवाच, कारण करवत फिरली तर पहिला दोर कापला जाऊ शकतो. बुटांना लोखंडी काटे लावून चढणे फक्त मरणाऱ्या झाडावर क्षम्य. जिवंत झाडाला प्रत्येक पाऊल म्हणजे एक जखम. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रूसिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली आवळती गाठ सह्याद्रीत सुटीच्या दिवशी कडे चढणाऱ्या आमच्या सुशिक्षित तरुणांना तोंडपाठ असते. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणही असते. पोटासाठी चढणाऱ्याजवळ दोन्ही नाहीत.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे ‘झाड तोडणे’च समजतो, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाडासाठी प्राधिकरण आहे, अधिकारी आहे, दंड आहे. चढणाऱ्यासाठी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्यातील वीस कामगारांची मर्यादा महाराष्ट्राने आपल्यापुरती पन्नासवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या केंद्रीय संहितेतही ती पन्नासच आहे. सहा माणसांची टोळी घेऊन हिंडणारा ठेकेदार या जाळ्यातून सहज निसटतो. अपघाताच्या नुकसानभरपाईचा हक्क १९२३ पासून कागदावर आहे, पण ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याने तो सिद्ध कसा करावा?

याचे उत्तर आपल्याच राज्यात, आपल्याच चळवळींनी मिळवलेले आहे. १९६९ चा माथाडी कायदा नेमक्या अशाच स्थितीतून जन्मला: विखुरलेले मालक, विखुरलेले कामगार, मध्ये मुकादम. त्या कायद्याने मालक आणि कामगार या दोघांनाही मंडळाकडे नोंदणी करावयास लावली. मालक मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ देते. झाडावर चढणाऱ्यांसाठी असेच मंडळ का नसावे? सोसायटीने छाटणीची परवानगी मागितली की तिने मंडळाकडूनच प्रशिक्षित माणसे घ्यावीत, दर झाडावर न ठरवता दिवसावर ठरावा आणि त्यात साधनांचा व विम्याचा खर्च धरावा. रस्त्यांच्या झाडांसाठी महापालिकेने कायम सेवेतील कसबी पथके ठेवावीत. महापालिकेच्या तिजोरीची सबब येथे पुढे येईल. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये ते कामगार कायम ठरले, तेव्हाही अनेकांना ते अशक्यच वाटत होते.

सोसायट्यांचा खर्च वाढेल, हे आम्ही नाकारीत नाही. वाढेलच. आजचा दर स्वस्त दिसतो तो चढणाऱ्याच्या हाडांवर आणि पुढच्या पावसाळ्यातील पादचाऱ्याच्या डोक्यावर उरलेला खर्च टाकून दिल्यामुळे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब समजतो.

हा प्रश्न क्षुल्लक वाटणाऱ्या सहकाऱ्यांना गोरेगावची आठवण द्यावीशी वाटते. मृणाल गोरे यांनी नळाच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा तोही घरगुती आणि किरकोळच समजला जात होता. खारदांडा, सांताक्रूझ, अंधेरी, मुलुंड येथील शाखांनी पुढील हंगामाची वाट न पाहता आपापल्या प्रभागातील छाटणीच्या ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. दर झाडावर आहे की दिवसावर, सुरक्षासाधनांची अट आहे की नाही आणि असल्यास ती साधने प्रत्यक्ष कोणी पाहिली, हे तपासावे. आपण स्वतः राहतो त्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत छाटणीचा विषय निघेल तेव्हा सर्वांत कमी दराच्या पत्रकाला हात वर करण्यापूर्वी हजेरीपट मागावा. आणि मे महिन्यात झाडावर कोणी दिसला, तर खाली उतरल्यावर त्याचे नाव विचारून लिहून घ्यावे. संघटनेची पहिली यादी तेथूनच तयार होणार आहे.