ऋण काढून विद्या

ऋण काढून सण करू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत. पण ऋण काढून विद्या घ्यावी काय? बारावी झालेली मुले हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला डी. एम. एल. टी. करून रक्त तपासायचे असते, कुणाला क्ष-किरणाचे काम शिकायचे असते. मी मराठीचा मास्तर खरा. पण त्रैराशिक विसरलेलो नाही.

समजा, अभ्यासक्रम २ वर्षांचा, दरसाल कर्ज १ लाख, व्याज १० टक्के. हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून धावते. तोवर २ लाखांचे अडीच लाख होतात. ते ५ वर्षांत फेडायचे, तर महिना सुमारे ५,३०० रुपये! पगार १५,००० असला, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक गेला. मग खोलीभाडे कशातून द्यायचे आणि घरी काय पाठवायचे?

तेव्हा, वाचकहो, मुलाला अडवू नका. सरकारी संस्थेत जागा मिळते का, ते आधी पाहा. खासगी संस्थेच्या माहितीपुस्तकातला पगार मात्र वाचून सोडून द्या. गेल्या साली तिथून बाहेर पडलेली चार मुले गाठा आणि पहिला पगार विचारा. तो हप्त्याच्या चौपट असला, तर खुशाल सही करा.