बँकॉकच्या स्वस्त खोलीचा हिशेब

- प्रतिनिधी

सुटी जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या घरांतून जो प्रवासाचा हिशेब मांडला जातो, त्यात केरळ आणि राजस्थानच्या जोडीने आता बँकॉकही येऊन बसले आहे. त्याला कारणही तसेच आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली. त्याआधी विमानतळावर उतरून व्हिसा घ्यायचा, तर माणशी २,००० बाथ मोजावे लागत. चौघांच्या कुटुंबाचे एका फटक्यात ८,००० बाथ वाचले. एका बाथला अडीच ते तीन रुपये धरले, तरी ही रक्कम वीस ते चोवीस हजार रुपये होते. परिणाम आकड्यांत दिसतो. करोनापूर्वी, २०१९ मध्ये, सुमारे २० लाख भारतीय थायलंडला गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा २१ लाखांवर गेला. (सवलतीच्या अटी तिथले सरकार अधूनमधून बदलते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या पुन्हा तपासलेल्या बऱ्या.)

व्हिसाचे पैसे वाचले, विमानाचे तिकीट सवलतीत मिळाले, की उरतो तो मुक्कामाचा खर्च. इथेही बँकॉक उदार आहे. सामायिक खोलीतली एक खाट साधारण ३०० ते ५०० बाथला आणि वातानुकूलित स्वतंत्र खोली ७०० ते १,२०० बाथला मिळू शकते. एवढ्या पैशांत मुंबईत दादरला किंवा ग्रँट रोडला काय मिळते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे दर पाहून हर्ष होणे स्वाभाविक आहे. 'रात्री पाठ टेकायलाच तर जायचे आहे' हा आपल्याकडचा ठरलेला युक्तिवादही तयार असतोच. मात्र, ही खोली इतकी स्वस्त का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ २०२४ च्या अखेरीस आली.

त्या वर्षी २९ डिसेंबरच्या रात्री खाओ सान रस्त्याजवळच्या एका सहा मजली हॉटेलात पाचव्या मजल्यावरील खोलीला आग लागली. त्या वेळी हॉटेलात ७५ जण होते. त्यांतल्या तीन परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. नववर्षाच्या स्वागतासाठी गर्दीने फुललेल्या परिसरात हे घडले. मुंबईकर वाचकाला ही तारीख वेगळ्याच कारणाने लक्षात राहील. सात वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, २९ डिसेंबरच्याच मध्यरात्री कमला मिलच्या गच्चीवरील उपाहारगृहात १४ जणांचा बळी गेला होता. दोन्ही घटनांची कारणे वेगळी, इमारती वेगळ्या. पण आत आलेल्या माणसाला बाहेर पडण्याची वाट माहीत असते का, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

थायलंडचा कायदा या बाबतीत मुका नाही. तिथला हॉटेलविषयक कायदा २००४ चा आहे. त्यानुसार महिन्यापेक्षा कमी मुदतीसाठी पैसे घेऊन प्रवाशाला खोली देणे, म्हणजे हॉटेल चालवणे. त्यासाठी परवाना लागतो आणि तो पाच वर्षांसाठी मिळतो. परवाना नसेल, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० बाथपर्यंत दंड, आणि धंदा चालू राहील तितके दिवस रोज १०,००० बाथपर्यंत अधिक दंड, अशी तरतूद आहे. परवाना दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे आणि त्या मजल्यावरून बाहेर पडण्याचा नकाशा प्रत्येक खोलीत असला पाहिजे, असेही कायदा सांगतो. लहान घरमालकांसाठी २००८ च्या नियमावलीत एक पळवाट नव्हे, तर राजमार्गच ठेवण्यात आला होता. चार खोल्या आणि वीस पाहुणे यांच्या आत असाल, तर तुम्ही 'हॉटेल' नाही. केवळ नोंदणी करा. २०२३ मध्ये ही मर्यादा आठ खोल्या आणि तीस पाहुण्यांपर्यंत वाढवण्यात आली.

मग अडते कुठे? अडते ते इमारतीत. बँकॉकच्या जुन्या भागात तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशा अरुंद, खोल, तीन-चार मजली इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या या घरांना बाजूने खिडक्या नाहीत, जिना एकच आणि तोही मधोमध. खाओ सान रस्त्याचेच उदाहरण घ्या. सडलेल्या तांदळाच्या पेठेचा हा रस्ता. 'खाओ सान' या नावाचा अर्थच सडलेला तांदूळ असा आहे. १९८२ मध्ये बँकॉकच्या स्थापनेला दोनशे वर्षे झाली, त्या सोहळ्याच्या सुमारास पाठीवर पिशवी टाकून फिरणारे पाश्चात्त्य तरुण इथे येऊ लागले. रहिवाशांनी वरच्या खोल्या भाड्याने दिल्या, पुढे खोल्यांमध्ये प्लायवूडचे पडदे उभे राहिले आणि एका खोलीच्या तीन झाल्या. हॉटेल म्हणून कुणीही बांधले नाही, तरी ते झाले! अशा इमारतीला हॉटेलच्या परवान्यासाठी लागणारी जिन्याची रुंदी आणि सुटकेचा दुसरा मार्ग कुठून आणायचा? दोन दुकानांच्या रांगेत दुसरा जिना काढायचा, तर भाडे देणारी एक खोली जाते.

सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच २०१६ मध्ये जुन्या इमारतींचे हॉटेलात रूपांतर करण्याचे निकष शिथिल करण्यात आले आणि २०१९ मध्ये लष्करी राजवटीच्या विशेष आदेशाने अशा मालकांना सुधारणेसाठी मुदत देण्यात आली. एकीकडे कायदा कडक आणि दुसरीकडे मुदतवाढ, ही कसरत आपल्याला अपरिचित नाही. अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा महाराष्ट्राचा अनुभव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र पाहून परक्या देशात असल्यासारखे वाटणार नाही.

करोनाने या व्यवसायाचा कणा मोडला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०१९ मध्ये जवळपास ४ कोटी पर्यटक पाहिलेल्या थायलंडमध्ये २०२१ च्या संपूर्ण वर्षात जेमतेम सव्वाचार लाख परदेशी आले. ज्यांची जागा स्वतःची होती, ते कसेबसे तरले. भाड्याच्या इमारतीत हॉस्टेल चालवणारे अनेक जण बंद पडले. २०२४ पर्यंत पर्यटकांची संख्या साडेतीन कोटींवर आली खरी, पण मधल्या काळात खर्च वाढला. बँकॉकमधील किमान रोजंदारी १ जुलै २०२५ पासून ४०० बाथ झाली. आता ७०० बाथच्या खोलीचा हिशेब करून पाहा. आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन पंधरा-वीस टक्के धरले, तर १०५ ते १४० बाथ तिथेच गेले. उरलेल्या साडेपाचशे-सहाशेत चादरी धुवायच्या, वातानुकूलन यंत्र चालवायचे, जागेचे भाडे काढायचे, झाडणारी बाई आणि रात्रपाळीचा माणूस ठेवायचा. वीस खोल्या भरल्या, तर गणित जमते. दहाच भरल्या, तर काहीतरी कापावे लागते. चादर कळकट राहिली, तर पाहुणा दुसऱ्या दिवशी तसे लिहून मोकळा होतो. धुराची सूचना देणारे यंत्र बंद पडले, तर ते कुणालाही दिसत नाही. कात्री आधी कुठे चालते, हे वेगळे सांगायला नको.

याच हिशेबातून दुसराही मार्ग निघाला आहे. मलेशियातील 'एअर एशिया' या कंपनीच्या संस्थापकांनी २००७ मध्ये क्वालालंपूरला 'ट्यून' हॉटेल काढले, तेव्हा खोलीचे भाडे नाममात्र ठेवून टॉवेल आणि वातानुकूलनाचेही वेगळे पैसे लावण्याची कल्पना अनेकांना विनोदी वाटली होती. थायलंडमधल्या 'एरावान' समूहाने २०१४ पासून 'हॉप इन' या नावाने साखळी उभी केली. लहान आणि एकसारख्या खोल्या, मोजकाच सेवकवर्ग, पोहण्याचा तलाव नाही, असा तिचा साधा बाज आहे. जी इमारत मुळातच हॉटेल म्हणून उभी राहते, तिच्यात दुसरा जिना नकाशातच असतो. अशा ठिकाणी गल्लीतल्या गेस्टहाऊसपेक्षा दोन-तीनशे बाथ जास्त पडतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते, बँकॉकच्या संपूर्ण खर्चात याहून सार्थकी लागलेले दोनशे बाथ शोधून सापडणार नाहीत.

याचा अर्थ महाग ते सुरक्षित, असाही नाही. जुलै १९९७ मध्ये पट्टाया जवळच्या एका मोठ्या, नामांकित हॉटेलात आग लागून ९० हून अधिक माणसे गेली. सुटकेची दारे कुलूपबंद होती, कारण पाहुणे बिल न देता पळतील अशी भीती व्यवस्थापनाला होती, असे तेव्हा सांगितले गेले. तारांकित दर्जा आगीला कळत नाही.

आणखी एक प्रकार सध्या बोकाळला आहे. उंच निवासी इमारतींतले सदनिकाधारक आपली जागा रोजच्या भाड्याने संकेतस्थळांवर देतात. गच्चीवरचा तलाव, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र हे सारे पाहून आपली कुटुंबे तिकडे झुकतात, विशेषतः ज्यांना घरून आणलेला मसाला आणि तांदूळ वापरायचा असतो ती. परंतु महिन्याहून कमी मुदतीचे असे भाडे २००४ च्या कायद्यात बसत नाही, हे २०१८ मध्ये हुआ हिन येथील न्यायालयाच्या निकालांनी स्पष्ट केले. शिक्षा होते ती मालकाला. पाहुण्याला मात्र तळमजल्यावरच्या रखवालदाराने सामानासकट अडवले, तर दाद मागायला जागा राहत नाही. शिवाय परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत इमिग्रेशन खात्याला कळवणे जागा देणाऱ्याला बंधनकारक आहे, आणि जो लपून धंदा करतो तो हे कळवील कशाला?

उरतो प्रश्न राहायचे कुठे याचा. खाओ सान स्वस्त खरे, पण रात्री दोनपर्यंत तिथे संगीताचा दणदणाट असतो आणि मेट्रोचे स्थानक पायी जाण्याजोगे नाही. सुखुमवितचा नाना भाग स्कायट्रेनला लागून आहे, तिथे भारतीय उपाहारगृहेही पुष्कळ आहेत. मात्र तिथल्या अनेक स्वस्त हॉटेलांचा धंदा रात्रीच्या बाजारावर चालतो. 'खोलीत आणलेल्या पाहुण्याचे वेगळे पैसे' अशी पाटी स्वागतकक्षात दिसली, की आई-वडील आणि मुले घेऊन आलेल्याने काय ते समजावे. कुटुंबासाठी कपड्यांच्या घाऊक बाजाराचा प्रतुनाम भाग त्यातल्या त्यात सोयीचा आहे. सुवर्णभूमी विमानतळावरून येणारी रेल्वे २०१० पासून जवळच्या राचप्रारोप स्थानकात थांबते. सॅन सॅप कालव्यातली प्रवासी बोटही इथूनच जुन्या शहराकडे नेते, तीही काही मोजक्या बाथमध्ये. आपले व्यापारी वर्षानुवर्षे इथे माल घ्यायला येत असल्याने शाकाहारी जेवणाचीही पंचाईत होत नाही.

गेल्या वर्षी याच भागात ९०० बाथच्या खोलीत प्रस्तुत प्रतिनिधीने चार रात्री काढल्या. खोलीला खिडकी होती. पडदा सरकवल्यावर वीतभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत दिसली. स्वागतकक्षात १,००० बाथ अनामत म्हणून रोख घेतली, पावती मागितल्यावर दिली. दारामागे तीन सूचना होत्या. धूम्रपान केल्यास २,००० बाथ दंड, ड्युरियन हे उग्र वासाचे फळ खोलीत आणण्यास मनाई आणि पाण्याच्या किटलीत पाण्याखेरीज काहीही उकळू नये. शेवटची सूचना हिंदीतही होती! किटलीत नूडल्स आणि खिचडी शिजवणारे पाहुणे कोणत्या देशाचे असावेत, हे त्यावरून उघड होते. सुटकेच्या मार्गाचा नकाशा मात्र दारामागे नव्हता.

त्याबद्दल विचारणा केल्यावर स्वागतकक्षातल्या तरुणीने आधी हसून मान डोलावली, मग मालकाला दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतः जिन्यापर्यंत नेऊन मागचे लोखंडी दार दाखवले. दार उघडे होते, पण त्याच्या पलीकडच्या चौकात धुतलेल्या चादरींच्या टोपल्या आणि दोन मोडक्या गाद्या रचून ठेवल्या होत्या. तिने त्या तिथल्या तिथे बाजूला सारल्या. निघायच्या दिवशी पहाटे पुन्हा जाऊन पाहिले, तेव्हा गाद्या परत जागेवर आलेल्या होत्या.