नजर कुठे, बातमी कुठे?

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. बातम्यांच्या वेबपानांबद्दल मात्र मला ती उलटी करून म्हणावीशी वाटते. असतं ते दिसत नाही, म्हणून जग फसतं! पानावर बातमी असते, तारीख असते, खुलासाही असतो. पण वाचणाऱ्याची नजर तिथवर पोचतच नाही. मग दोष कोणाचा? "आजकालची मुलं वाचतच नाहीत हो!" स्टाफरूमपासून मेसच्या रांगेपर्यंत हे वाक्य ऐकून कान किटले. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मुलं वाचतात. पान त्यांना वाचू देत नाही. आणि हे मी हवेत बोलत नाही, त्याला मोजमापाचा आधार आहे.

आधी थोडी थिअरी, व्हायवाला उपयोगी पडेल! आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून रेल्वेसारखा सरळ धावतो. प्रत्यक्षात तो बेडकासारखा उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबायचं आणि टुणकन पुढे जायचं. या उडीला सॅकेड म्हणतात, थांब्याला फिक्सेशन. गंमत म्हणजे उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. वाचून होतं ते सगळं थांब्यावर. आणि स्वच्छ दिसणारा भाग तरी केवढा? हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच. बाकी सगळं धूसर. म्हणजे सेकंदाला तीन-चार थांबे आणि दर थांब्याला नखाएवढी खिडकी. एवढ्या भांडवलावर बिचारा वाचक अख्खं पान पालथं घालत असतो.

ही नजर मोजायची कशी? एडमंड ह्यूई या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली आणि तिला ॲल्युमिनियमची काडी जोडली. डोळा हलला की काडी हलायची. ऐकूनच डोळ्यांत पाणी येतं! आताचं यंत्र म्हणजे स्क्रीनखाली बसणारी एक पट्टी. ती डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडते. त्याचा डोळ्यावर चमकणारा ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांची जागा कॅमेरा टिपतो, आणि त्यावरून नजर पानावर नेमकी कुठे आहे याचं गणित मांडलं जातं.

बातम्यांच्या बाबतीत हे काम चिकाटीने केलं ते अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पॉइंटर इन्स्टिट्यूटने. १९९१ साली त्यांनी छापील वर्तमानपत्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वाचक पानात शिरत होता तो फोटोंमधून. २००० साली स्टॅनफर्डबरोबर ऑनलाइन बातम्यांवर तसाच अभ्यास केला आणि उलटंच निघालं. नजर आधी मजकुरावर, फोटो मागाहून! मग डिसेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ४६ जणांना नमुन्यादाखल बनवलेली बातमीपानं दाखवली. छोट्या परिच्छेदांवर लांबलचक परिच्छेदांच्या दुप्पट थांबे मिळाले. मथळ्यावर नजर सेकंदभरसुद्धा टिकत नव्हती. पहिल्या दोन-तीन शब्दांतच काय तो निकाल. टाइप बारीक असला की लोक नीट वाचत होते, मोठा असला की नुसते चाळत होते.

आणि २००७ चा अभ्यास तर 'मुलं वाचत नाहीत'वाल्यांनी जरूर बघावा. सुमारे ६०० वाचक, मोठ्या आकाराची दैनिकं, टॅब्लॉइड आणि वेबसाइट. प्रश्न असा, की स्वतः निवडलेल्या बातमीतला किती मजकूर माणूस वाचतो? मोठ्या दैनिकात ६२ टक्के, टॅब्लॉइडमध्ये ५७ टक्के आणि ऑनलाइन ७७ टक्के! हे आकडे घरोघरी स्मार्टफोन येण्याआधीचे, हे मान्य. पण पडदा हा वाचनाचा जन्मजात शत्रू नाही, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

मग घोडं पेंड खातं कुठे? तर या नकाशाच्या वाचनात. २००६ साली जेकब नील्सन यांनी २३२ जणांच्या नजरेचा अभ्यास जाहीर केला. वरची ओळ बऱ्यापैकी वाचली जाते, त्याखालची थोडी अर्धवट, आणि मग नजर डाव्या कडेने सरसर खाली घसरते. आकार इंग्रजी एफ अक्षरासारखा. झालं! डिझाइन करणाऱ्या अनेकांनी हा एफ म्हणजे निसर्गनियमच धरला आणि त्यात सामान भरायला सुरुवात केली. २०१७ साली नील्सन यांच्याच संस्थेला लेख लिहून सांगावं लागलं, की बाबांनो, हा आकार चांगला नाही. ज्या पानाला उपमथळे नाहीत, मांडणी नाही, नुसती मजकुराची भिंत आहे, तिथे घाईतला वाचक असा घसरतो. म्हणजे एफ ही वाचकाची सवय नसून वैतागलेल्या वाचकाची तक्रार आहे. तक्रारअर्जालाच नकाशा समजून घर बांधायला घेतलं, तर दुसरं काय होणार?

नजर कुठे गेली हे यंत्र सांगतं, का गेली हे सांगत नाही. यार्बस या रशियन शास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ साली आलं. त्याने रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. 'माणसांची वयं सांगा' म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली, 'घरची सांपत्तिक स्थिती सांगा' म्हटल्यावर कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, डोळा तोच. मनातला प्रश्न बदलला की वाट बदलते. त्यामुळे पान सुधारायचं तर आधी वाचक कोणता प्रश्न घेऊन आलाय ते ओळखायला हवं. परीक्षा कधी? पाऊस किती? गाडी रद्द आहे का?

आता एक मासलेवाईक उदाहरण. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या साइटवर देशाची लोकसंख्या वर उजवीकडे मोठ्या लाल आकड्यांत लिहिलेली होती. नील्सन यांच्या २००७ सालच्या लेखानुसार, तो आकडा शोधायला सांगितलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांना तो सापडलाच नाही! का? तर मोठं, लाल, कोपऱ्यातलं म्हणजे जाहिरात, हे डोळा शिकून बसलाय. वर्षानुवर्षं ओरडून ओरडून जाहिरातींनी ती जागाच बदनाम केली. हे आपल्याकडेही सर्रास दिसतं. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख लुकलुकणाऱ्या लाल चौकटीत टाकायची आणि मग म्हणायचं, 'ठळक अक्षरांत दिली होती की!' ठळक होती, म्हणूनच तर दिसली नाही, महाराज!

माझा खरा मुद्दा इथेच आहे. या संशोधनातून मिळणारी विद्या दुधारी आहे. पहिले दोन-तीन शब्द निर्णायक, एवढंच घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बातमीचा जीव बऱ्याचदा ओळीच्या टोकाला लटकतो. 'विद्यापीठाच्या हिवाळी सत्राच्या परीक्षा आठ दिवस पुढे ढकलल्या' या मथळ्यात पहिल्या दोन शब्दांतून काय कळलं? काही नाही. हेच 'परीक्षा आठ दिवस पुढे. विद्यापीठाचा निर्णय' असं लिहिलं की नखाएवढ्या खिडकीत बातमी मावली. हा झाला प्रामाणिक उपयोग. आणि दुसरा? 'विद्यार्थ्यांसाठी मोठी बातमी! विद्यापीठाने घेतला हा निर्णय...' इथेही पहिले शब्द तोलूनमापूनच ठेवलेत. फक्त बातमी लपवायला. शास्त्र तेच, नियत वेगळी. तसंच जाहिरातींचं. वाचता वाचता मध्येच जाहिरात लोड होते, ओळ खाली उडी मारते, आणि डोळ्याला आपली जागा पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते.

कुणी म्हणेल, 'फुकट वाचायचं आणि वर नखरे! साइट चालवायला पैसे लागतात.' अगदी बरोबर. जाहिरात नको असं मी म्हणतच नाही. छापील पेपरही जाहिरातींवरच जगला. पण तिथे जाहिरात वाक्याच्या मध्ये घुसत नाही. शिवाय नुसते क्लिक मोजणाऱ्याला फसून आलेला आणि वाचायला आलेला वाचक सारखाच दिसतो. नजरेच्या नोंदीत मात्र फरक उघडा पडतो. एक जण ओळीमागून ओळ थांबे घेत जातो, दुसरा दोन उड्यांत पळ काढतो. एकदा फसलेली नजर ती जागा टाळायला शिकते, हे लाल आकड्यांनी दाखवलंच आहे. म्हणजे प्रामाणिक पान हे दानधर्म नाही, दूरदृष्टीचा धंदा आहे.

आता हे आपल्या कॉलेजच्या मासिकात कशासाठी? कारण मित्रांनो, उद्या ही पानं आपल्यातलेच कोणीतरी बनवणार आहेत. प्लेसमेंटनंतर पहिलंच काम 'हे बटण कुठे ठेवू?' असं येऊ शकतं. आणि शिकायला महागडं यंत्र हवंच असं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली साध्या वेबकॅमवर नजर टिपणारं वेबगेझर खुलं केलं. ते शब्दाशब्दाचा हिशेब देणार नाही, पण पानाच्या कोणत्या भागावर नजर रेंगाळली याचा अंदाज देतं. वर सांगितलेले पॉइंटरचे अभ्यास अमेरिकेतल्या इंग्रजी वाचकांवरचे आहेत. शिरोरेषेखाली जोडाक्षरं आणि लांब विभक्ती प्रत्यय घेऊन येणारी आपली मराठी ओळ डोळा कशी वाचतो, हा फायनल इयरच्या प्रोजेक्टला केवढा सुंदर विषय आहे! तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम किती वर्षं करायची? फक्त एक पथ्य पाळा. ज्याची नजर टिपायची त्याला आधी विचारा. माणूस काय बघतो ही त्याची खाजगी गोष्ट आहे.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. पुढचं परिपत्रक वेबसाइटवर टाकण्याआधी मथळ्याचे पहिले तीन शब्द तेवढे वाचून बघा. त्यात काम काय आणि तारीख कोणती हे कळलं, तर 'मुलं वाचत नाहीत' ही तक्रार अर्धी तरी कमी होईल. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी आमची!