तळ्याच्या तळाशी

"हवामान काय, नेहमीच बदलत आलंय की!" घरी फोन केला आणि उन्हाळ्याचा विषय निघाला की काकांचं हे वाक्य ठरलेलं. गंमत म्हणजे वाक्य खरं आहे. पण काका त्यातून जो दिलासा काढतात, तो मला पटत नाही.

'नेहमीच बदलत आलंय' हे आपल्याला कळलं कुठून? बरंचसं तळ्यांच्या गाळातून. दरवर्षी परागकण उडून तळ्यात पडतात आणि गाळाखाली दबतात. त्यांचं कवच इतकं चिवट, की हवा न पोचणाऱ्या गाळात हजारो वर्षं कुजत नाही. नळी घालून गाळाचा उभा नमुना काढायचा, आम्लात वाळूचे कण विरघळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका थरातले तीन-चारशे परागकण मोजत बसायचं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टने १९१६ साली असे आलेख मांडले, तिथून ही पद्धत रुळली. (पाइनचा कण मात्र फसवा. दोन बाजूंना दोन फुगे, थेट मिकी माऊस! वाऱ्यावर इतका लांब जातो, की तो सापडला म्हणजे तिथे पाइन होतंच असं नाही.)

आता उत्तर युरोपातला गाळ बघा. हिमयुग सरत आलेलं, बर्चची झाडं परतलेली. आणि सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी झाडांचे परागकण एकदम घटतात. गवताचे आणि आपल्या दवण्याच्या भाईबंदांचे वाढतात. डेन्मार्कच्या चिकणमातीत तर ड्रायस या थंडीतल्या फुलझाडाची पानंच सापडली, म्हणून या काळाचं नाव 'यंगर ड्रायस'. ही थंडी हजारभर वर्षं टिकली. आणि संपली कशी? ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदी सांगतात, तिथलं तापमान काही दशकांत सुमारे १० अंशांनी चढलं. म्हणजे आजोबांनी सोसलेली थंडी नातवाने पाहिलीच नाही!

हवामान बदलतं ते आपल्या सोयीने, हळूहळूच बदलेल असं या गाळात कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा माणसं मूठभर होती, चंबूगबाळं उचलून चालू लागायची. आज सातबारा उचलून कुठे नेणार?

काका बुलढाण्याचे, म्हणून त्यांना लोणारचं सांगितलं. तिथल्या सरोवरातूनही असा गाळ काढला आहे. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइटचे स्फटिक सापडले. पाणी आटून फार खारट झालं की ते तयार होतात. म्हणजे जवळपास सातशे वर्षं पाऊस मंदावलेला.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "सातशे? अरे, आपली विहीर दोन वर्षं तग धरत नाही."